सरळ रेघ

मोटर जागेवर उभी होती, तरी तिची जागा दाखवणारी लॅपटॉपवरची रेघ हलत होती. हळूच वर, मग खाली, मग दोन छोटे हिसके, आणि पुन्हा वर.

"गेन जास्त झालाय ताई, उतरवा. रेघ सरळ झाली की आपण मोकळे," मिस्त्रीकाका म्हणाले. बाळंतपणाच्या रजेनंतर तिचा कामावरचा हा पहिलाच दिवस होता.

मोटर आपली जागा किती ताठपणे धरून ठेवते, ते गेनच्या आकड्यावर ठरतं. तिने आकडा उतरवला, तशी लाट लहान झाली.

ते दोन हिसके मात्र तिला ओळखीचे वाटत राहिले. मग आठवलं. सर्दी झाल्यापासून बाळ असाच श्वास घेत होतं. एक लांब, मग दोन तुटके. सकाळी निघेपर्यंत ती त्याच्या छातीवर हात ठेवून तेच मोजत बसली होती.

तिने नवऱ्याला फोन लावला.

"अगं, किती वेळा विचारशील? झोपलाय. आता तर इतका शांत, की श्वाससुद्धा जाणवत नाही."

तिने आकडा पुन्हा चढवला. रेघ उसळली. त्याच क्षणी फोनमध्ये बाळ खोकलं आणि रडू लागलं.

"झालं, उठवलंस त्याला," नवरा म्हणाला.

"रेघ परत बिघडवलीत की, ताई," मागून मिस्त्रीकाका हसले. "राहू द्या. मेन स्विच पाडतो, रेघ एकदम सपाट होईल, मग पहिल्यापासून करू."

ती वळेपर्यंत खटका अर्धा खाली आला होता.