अंतरपाटावरचे हात

"महाल, समुद्रकिनारा की मोरपंखी?" लग्नाच्या सजावटवाल्या बाईंनी तिसरा अल्बम उघडला. इरावती आणि सुजयनं पुन्हा नकारार्थी माना हलवल्या. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ते हातांनी बोलत आणि इरावतीची आई ते इतरांना सांगे. घरात ती भाषा तिनंच शिकून घेतली होती. दिगंबरराव लेकीचं सगळं बायकोच्या तोंडूनच ऐकत आले होते.

कंटाळून ते उठले आणि त्यांच्या स्वतःच्या लग्नातला अंतरपाट घेऊन आले. कुठे कसर तर लागली नाही ना, म्हणून एक टोक बाईंच्या हाती देऊन त्यांनी तो दोघांच्या मधोमध धरला.

दोघांची बोटं जागीच थांबली. एकमेकांना दिसेनासं झालं, की बोलणंच बंद. मंगलाष्टकं संपेपर्यंत पोरं अशीच उभी राहणार? दिगंबरराव अंतरपाट खाली घेणार होते.

तेवढ्यात कापडाच्या वर इरावतीचे हात आले. पलीकडून सुजयचेही आले. चार हातांच्या गप्पा रंगल्या.

"मिटा तो अल्बम," दिगंबरराव म्हणाले. "हे असंच लग्न करायचं. 'सावधान' सगळा मांडव हातांनी म्हणेल." मग बायकोकडे वळून त्यांनी विचारलं, "काय म्हणतेय गं ती?"

"बाबांचे हात भरून आले असतील, म्हणतेय."

"नाही म्हणावं तिला," ते सवयीनं बोलून गेले आणि थबकले. त्यांनी अंतरपाटाचं टोक बायकोच्या हाती दिलं, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा लेकीशी बोलायला स्वतःचे हात उचलले.