शनिवारची घंटा

व्हर्ना मैदानाच्या कुंपणाशी पोचली तेव्हा मुलं हरून परतत होती. अमेरिकन फुटबॉलच्या हंगामातला पहिलाच सामना, तोही घरच्या मैदानावर, आणि धुलाई अशी की निम्मे प्रेक्षक शेवटापर्यंत थांबलेही नव्हते. कर्णधार कोल्बी रस्टॅड सर्वांत मागे होता. शेतावर वाढलेला, दारातून आडवंच आत यावं लागेल असा पोरगा. तिने त्याला बाजूला घेतलं.

"कोल्बी, एक काम आहे. जरा विचित्र वाटेल."

"बोला ना, मिसेस टी."

"ती घंटा वाजवाल?"

मैदानाच्या टोकाला लाकडी चौकटीत एका जुन्या रेल्वे इंजिनाची घंटा टांगलेली होती. कॉलेजचा संघ जिंकला की मुलांनी हेल्मेट काखेत मारून धावत जायचं आणि ती वाजवायची. बाहेरगावी जिंकले तर बस परतल्यावर. हरल्यावर तिला कुणी हात लावत नसे. व्हर्नाचा नवरा ऑरिन टोलेफसन अर्धं आयुष्य याच संघाचा कोच होता. हरलेल्या दिवशी एका पोराने गंमत म्हणून दोरी ओढली, तर ऑरिनने त्याला जीभ बाहेर येईपर्यंत पळवलं होतं.

आता तो मैदानापलीकडच्या घरात, वरच्या मजल्यावर पलंगाला खिळला होता. हृदय थकलं होतं. डॉक्टर नाताळचीही खात्री देत नव्हते. हा त्याचा शेवटचा हंगाम, एवढा तरी सुखाचा जावा, असं व्हर्ना सांगायला लागली.

"वाजवू," तिचं वाक्य संपायच्या आत कोल्बी म्हणाला. "दर शनिवारी ना?"

तिने फक्त आजचं मागितलं होतं. पोरगा गुणी आहे, तिला वाटलं.

घंटा वाजली. व्हर्ना कॉफीचे दोन कप घेऊन जिना चढली. ऑरिन पलंगावरच, शेजारची खिडकी उघडी टाकून बसला होता.

"ऐकलीस?" तिने विचारलं.

"ऐकली. बस. सांग आता."

एवढी वर्षं कोचची बायको असून तिचे सामने स्टॉलवर कॉफी ओतण्यात गेले होते. ती चाचरत म्हणाली, की आपली मुलं चेंडू घेऊन पळाली, खूप पळाली.

"मधूनच पळाली असतील. कोल्बीच्या मागून?"

"हो, कोल्बीच्याच मागून," ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

संघ पुढच्या शनिवारी हरला, त्याच्या पुढच्याही. घंटा वाजत राहिली. नशीबही व्हर्नाच्या बाजूचं होतं. समालोचकाच्या किरकिरीने डोकं उठतं म्हणून ऑरिननेच रेडिओ खाली नेऊन ठेवायला लावला होता. पेपरातली अक्षरं त्याला लागत नव्हती, खिडकीतून मैदानही नुसतं धूसर दिसायचं. भेटायला येणाऱ्यांना तर त्याने स्वतःच बजावलं होतं, की फुटबॉल सोडून काहीही बोला, छातीत धडधडतं.

हळूहळू व्हर्ना थापा मारण्यात तरबेज झाली. शुक्रवारपासूनच मनात सामना जुळवायला लागायची. शनिवारी केस नीट बसवायची, संघाचा जांभळा स्वेटर घालायची, ओव्हनमध्ये मांस-बटाट्यांची हॉटडिश लावायची. ती हातवारे करून सांगायची आणि ऑरिन तिच्याकडे बघत बसायचा, मैदानाकडे नाही. बोलता बोलता तिची प्लेट रिकामी व्हायची. एरवी दोन घासांवर उठायची.

एकदा मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. आदल्या शनिवारी तिने ज्याचा पाय मोडला होता, त्यालाच या शनिवारी मैदानभर पळवून बसली. ऑरिनने डोळे मिटून घेतले.

"पोरं लवकर बरी होतात," तो म्हणाला.

रात्री तिला झोप लागेना. संसारात ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. कुणाच्या तोंडून निसटलं तर? हरून घंटा वाजवणाऱ्यांना त्याने कधी माफ केलं नव्हतं. तिला तरी का करावं? पण शनिवार आला की ती पुन्हा कुंपणाशी जाऊन उभी राहायची, आणि कोल्बी लांबूनच मान हलवायचा.

नोव्हेंबरात, शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात, ऑरिन झोपेतच गेला. चर्चमधून शवपेटी मुलांनीच खांद्यावर नेली. त्याला शेवटपर्यंत काही कळलं नाही, एवढाच व्हर्नाला दिलासा होता.

शनिवारी ती मैदानावर गेली नाही. बर्फ भुरभुरत होतं. वरच्या खोलीची खिडकी तिने बंदच ठेवली, स्वयंपाकघरात थंड कॉफीपुढे बसून राहिली. दुपार कलली आणि घंटा वाजली.

जिंकली वाटतं पोरं, निदान आज. तिला रडू आलं. घंटा काही थांबेना. ऑरिनचा कोट अंगावर ओढून ती निघाली.

मैदानावर पाहुणा संघ फोटो काढत होता. गुणफलक अजून चालू होता. आपली मुलं हरली होती, नेहमीसारखीच. आणि घंटेभोवती सगळा संघ डोकी उघडी ठेवून उभा होता. दोरी कोल्बीच्या हातात होती.

"अरे, आता कुणासाठी?" व्हर्ना म्हणाली. "तो गेला रे. आता कुणाला फसवायचंय? पुरे करा."

कोल्बीने दोरी सोडली नाही. त्याचा चेहरा ओला झाला होता.

"कोचना पहिल्यापासून माहीत होतं, मिसेस टी. ऑगस्टमध्ये तुम्ही औषधं आणायला गेला होता, तेव्हा त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. म्हणाले, यंदा तुम्ही सपाटून हरणार आहात. व्हर्ना घंटेचं विचारायला येईल, तिला नाही म्हणू नका, आणि मी असो नसो, हंगाम संपेपर्यंत वाजवा. बिचारी आठवडाभर माझी औषधं घेऊन जिना चढते. शनिवारी तरी तिला चांगली बातमी घेऊन चढू दे."