गोमा तांडेलाचा धसका

नैर्ऋत्येला आभाळ काळवंडलं तसं मोरेश्वरने गोमाकाकाच्या हाताकडे पाहिलं. सुकाणूवरचा तो हात जराही कापत नव्हता.

हिराला, म्हणजे मोरेश्वरच्या बापाला, वादळात समुद्राने नेलं तेव्हा गोमा त्याच बोटीवर होता. तेव्हापासून वारा फिरला की त्याचा हात थरथरायचा आणि तो मुकाट बोट माघारी वळवायचा. बंदराचा रेडिओवरच्या इशाऱ्यापेक्षा गोमावर भरवसा. त्याची बोट वळली की सगळ्याच वळत. पण घरी तो झोपेत किंचाळायचा. काकीला ते बघवेना, म्हणून मोरेश्वरनेच त्याला शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे त्याच्याकडून ते वादळ पुन्हा पुन्हा वदवून घेतलं आणि दर वेळी वर इंजेक्शन दिलं. "आठवण राहील, धसका जाईल," डॉक्टर म्हणाले होते.

"काका, वारा फिरलाय."

"हो रे. त्या दिवशीही असाच फिरला होता," गोमा म्हणाला. "आधी गार झुळूक, मग पाणी शिशासारखं. बघ, झालंच. त्यानंतरच्या लाटेला हिरा गेला." बाजारभाव सांगावा तसा तो सांगत होता.

"मग वळव ना बोट!"

"वळवू की. एवढी घाई कसली? जाळं तर भरू दे."

आता मोरेश्वरचेच हात कापायला लागले. त्याने मागे वळून पाहिलं. बंदरातल्या झाडून सगळ्या बोटी गोमाच्या मागोमाग, निवांत, खोल पाण्यात शिरत होत्या.