दहा हजार एक

त्रेचाळीस साली नगरकडच्या एका तुरुंगात पिंपळावर तिरंगा लागला, आणि जमादारानं त्रिंबक मास्तरांना पालथं पाडलं. मास्तर संगमनेरच्या शाळेत गणित शिकवायचे. तुरुंगात मात्र कुणाला नाव नसे, बिल्ल्यावरचा नंबर असे.

"झेंडा कुनी लावला? नंबर सांग," जमादार म्हणाला, आणि वेत उतरला.

खरा नंबर तोंडातून सुटू नये म्हणून मास्तरांनी दहा हजार एक ही संख्या मनात धरली आणि तिला भागायला घेतलं. वेतागणिक एक भागाकार. सातानं जात नाही. अकरानं नाही. तेरानं नाही. पाठीची सालटी निघाली, रक्त कमरेत उतरलं, पण भागाकार चुकला नाही. शुद्ध जाता जाता उत्तर ओठांवर आलं. "त्र्याहत्तर. एकशे सदतीस."

जमादारानं वेत खाली ठेवला. "आत्ता कसं बोललास. काढा रे त्या दोघांना भाईर."

मास्तर शुद्धीवर आले तेव्हा शेजारच्या कोठडीत त्र्याहत्तर नंबरचा घोडेगावकर गुरासारखा ओरडत होता. "म्या न्हाई लावला, साहेब." एकशे सदतीस नंबरचा आवाज केव्हाच बंद झाला होता.

दोघांकडून काही निघालं नाही, तेव्हा जमादार पुन्हा मास्तरांकडे आला. या वेळी मास्तरांनी एक लाख तीन धरली. तिला दुसऱ्या कुठल्याच संख्येनं भाग जात नाही, हे त्यांना पाठ होतं.

तरी पहिला वेत बसल्यावर त्यांनी तीनपासून सुरुवात केली.