न उजळलेली गाठ

"मिळाली! अशीच हवी होती मला!"

संशोधक डॉक्टर खुर्चीतून जवळजवळ उडालेच. काचेपलीकडे, पेट स्कॅनच्या मशिनमध्ये, शिवणकाम करणाऱ्या टेलरबाई अजून आडव्या होत्या. तंत्रज्ञ मुलीने झटकन हात घालून माइकचं बटण बंद केलं. "सर, चालू होता," ती पुटपुटली. डॉक्टरांनी जीभ चावली, पण हसू काही आवरेना.

गोष्टच तशी होती. स्तनाच्या कर्करोगाची गाठ ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल कसं वापरते, हे ते शोधत होते. ते आम्ल किंचित किरणोत्सारी करून शिरेतून द्यायचं आणि कुठे साठतं ते पडद्यावर बघायचं. बेताने खाणाऱ्या गाठीत ते शिल्लक उरतं आणि गाठ उजळते. अधाशी गाठ मात्र आलं तसं फस्त करते, तिथे काळोखच राहतो. नवं औषध या अधाशी गाठींवरच करून बघायचं होतं, आणि वर्षभर एकही मेली सापडत नव्हती. आज सापडली.

स्कॅन संपवून टेलरबाई बाहेर आल्या त्या गाऊनची बाही ओढतच. "कोणी शिवलाय हो हा? एक खांदा दुसऱ्याशी बोलत नाही." मग नजर पडद्यावर गेली. पोटात यकृत लखलखत होतं. छातीत डावीकडे काहीच नव्हतं.

"इथेच होती ना ती?"

"हो, पण..."

"म्हणून ओरडलात होय मघाशी! मी आत ऐकलं ना. जीव भांड्यात पडला माझा." त्यांनी दाराकडे वळून हाक दिली, "ताई, ये गं लवकर! गेली ती!" आणि डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला. "परक्या बाईसाठी कोणी एवढं खूश होतं का हो?"

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात सोडवून घ्यायचीही हिंमत होईना. तंत्रज्ञ मुलगी मान खाली घालून कीबोर्ड पुसायला लागली, तो स्वच्छच होता.

"बाई, ऐका. गाठ गेलेली नाही. ती फार भुकेली आहे, दिलेलं सगळं खाऊन टाकते, म्हणून दिसत नाही. ही जात... जरा जोरात वाढणारी असते."

टेलरबाईंच्या हातांची पकड हळूहळू सुटली. त्या पुन्हा पडद्याकडे बघत राहिल्या. डोळे सवयीने बारीक केले होते, सुईत दोरा ओवताना करतात तसे.

"मग तुम्ही खूश कशाला झालात?"

उत्तर तयार होतं. नवं औषध आहे, तुम्हाला लागू पडेल कदाचित, पुढे कितीतरी जणींना पडेल. त्यात खोटं काही नव्हतं. पण मघाशी ओरडताना यातलं काहीही मनात नव्हतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि समोरची बाई अशी बघत होती की ते उत्तर तोंडातून बाहेरच पडेना.

"माझ्या कामासाठी," ते म्हणाले.

टेलरबाईंनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं डॉक्टरांना वाटून गेलं.

तेवढ्यात थोरली बहीण धापा टाकत दारात आली. एका खांद्यावर स्वतःची पर्स, दुसऱ्यावर धाकटीची. रडत होती आणि हसतही होती. "खरंच गेली? डॉक्टर, खरंच?"

डॉक्टरांनी टेलरबाईंकडे पाहिलं. त्या बाही खांद्यावर नीट बसवत होत्या.

"तुम्हीच सांगा हिला," त्या म्हणाल्या. "फक्त मघासारखं मोठ्याने नको."