गुहेतला वाटाड्या

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. फिटर मारोतराव आणि त्याचा रशियन दोस्त, इंजिनिअर व्हिक्टर, सुट्टीच्या दिवशी डोंगरातली गुहा पाहायला गेले. आत खोलवर शिरल्यावर बत्ती विझली. हात धरून दोघं चाचपडत निघाले.

"देवा, मले घरी जाऊ दे," मारोतराव सारखा म्हणत होता. व्हिक्टरही रशियनमध्ये बोलतच होता. साहेब वाट सांगून राहिला असेल, असं समजून मारोतराव पाय टाकत गेला.

अखेर ते उजेडात आले.

"साहब, रास्ता कैसे मालूम पड़ा?"

व्हिक्टर गोंधळला. "रास्ता तो तुम बोलता था."

"मैं? मैं तो भगवान को बुला रहा था." मारोतराव चक्रावला. "और तुम?"

व्हिक्टरनं मान खाली घातली.

"माँ को."