डावीकडची सावली

बोर्ड रंगवणाऱ्यांच्या त्या घराण्यात नियम एकच: माणसाचं चित्र खुशाल काढा, पण त्याची सावली काढू नका. सावली काढली की चित्र भिंतीवरून खाली उतरतं, आणि मग त्याला जन्मभर सांभाळावं लागतं.

त्या घरातल्या लेकीने हा नियम इमानेइतबारे पाळला. तिच्या स्वतःच्या सावलीचं मात्र काहीतरी बिनसलेलंच होतं. ऊन कुठूनही येवो, ती आपली डावीकडेच पडायची. वर्गातल्या पोरी बघून लांब सरकायच्या. बाबांची सावली चारचौघांसारखी होती. "असते एकेकाची," म्हणून ते विषय मिटवायचे.

बाबा गेले आणि घर खायला उठलं. महिनाभर ती रंगाच्या डब्यांशी बोलली. मग एका दुपारी दुकानाचं शटर ओढून तिने आतल्या भिंतीवर बाबांना काढलं. कानामागची पेन्सिल, बाहीवरचा पिवळा डाग, सगळं हुबेहूब. आणि शेवटी सावलीही.

बाबा खाली उतरले. आधी कानामागची पेन्सिल चाचपली, मग जमिनीकडे पाहिलं. दिवा डावीकडे होता, आणि सावलीही डावीकडेच.

"बाजू चुकली गं पोरी."

"घाई झाली, बाबा. फार एकटं वाटत होतं." ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आता दोन्ही सावल्या दिव्याच्याच दिशेला पडल्या होत्या. बाबांनी तिच्या सावलीकडे बोट दाखवलं.

"तुला काढताना माझंही अगदी हेच झालं होतं."